छातीत पाणी झालंय, टीबीचा कोर्स चालू करायचा की नळी टाकायची?

रानजाई:

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आमचे मोठे मामा, वय ५८, उदगीरकडे शेती करतात, शुगर बरीच वर्षं आहे पण गोळ्या मनाला येईल तशा. साधारण तीन आठवड्यांपूर्वी थंडी वाजून ताप, खोकला, उजव्या बरगडीखाली श्वास घेतला की टोचायचं. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं, गोळ्या दिल्या, ताप दोन दिवस उतरला की परत चढायचा, जेवण तुटलं, मग दम लागायला लागला म्हणून लातूरला आणलं. एक्सरेत उजवीकडे खालून अर्ध्यापर्यंत पांढरं. सोनोग्राफीत पाणी आणि त्यात जाळ्या आहेत असं लिहिलंय. सुईने थोडं पाणी काढून तपासायला दिलं, रिपोर्ट असा: रंग पिवळा गढूळ, पेशी ९८००, त्यात पॉलिमॉर्फ (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ८८ टक्के, प्रोटीन ४.६, साखर ३२, एलडीएच १६४०, एडीए ६८. ग्रॅम स्टेनमध्ये (रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती टेस्ट) जंतू दिसले नाहीत, सीबीनॅट (टीबीच्या जंतूची मशीनवरची टेस्ट) निगेटिव्ह. रक्तातली शुगर २८०, पांढऱ्या पेशी १९ हजार.

आता गोंधळ असा की एक डॉक्टर म्हणाले एडीए ४० च्या वर आहे म्हणजे टीबी, लगेच सहा महिन्यांचा कोर्स चालू करा आणि घरी न्या. दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं की हे टीबीचं वाटत नाही, पू होतोय, छातीत नळी टाकावी लागेल, आजच. मामी नळीचं नाव ऐकून रडायलाच लागली, गावात कुणाला तरी नळी टाकली होती आणि ते गेले म्हणे. मोठा मामेभाऊ म्हणतो आधी गोळ्या देऊन बघू, नाही उतरलं तर नळीचं बघू. मी पुण्यात असते, सगळे मलाच फोन करतायत, मी बँकेत नोकरी करते, मला यातलं काय कळणार. जंतू दिसले नाहीत तर पू कसा म्हणतात? आणि थांबलं तर काय बिघडेल? कुणाला अनुभव असेल, कुणी डॉक्टर असतील तर प्लीज सांगा.


डॉ_श्वासमार्ग:

ताई, मी छातीविकारतज्ज्ञ आहे, मराठवाड्यातच प्रॅक्टिस करतो. पेशंट डोळ्यांसमोर नसताना निदान ठरवता येत नाही, शेवटचा शब्द तिथल्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही आकडे नीट दिलेत, आणि त्या आकड्यांवरून मी दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूचा आहे. थांबू नका, आधी हे स्पष्ट सांगतो आणि मग कारण.

न्यूमोनिया झाला की फुप्फुसाच्या बाहेरच्या दोन आवरणांमध्ये पाणी सुटतं. सुरुवातीला ते स्वच्छ पातळ असतं, अँटिबायोटिकने न्यूमोनिया बरा झाला की तेही आपोआप शोषलं जातं. पण जंतू त्या पाण्यात उतरले की गोष्ट बदलते. जंतू आणि पांढऱ्या पेशी मिळून पाण्यातली साखर खातात, आम्ल तयार होतं, पेशी मरतात आणि त्यांतून सुटणारं एलडीएच हे एन्झाइम वर जातं. म्हणून पाण्यातली साखर कमी, एलडीएच जास्त, पीएच (आम्लपणाचा आकडा, कमी म्हणजे आम्ल जास्त) कमी असं त्रिकूट दिसतं. त्याच वेळी फायब्रिनचे (रक्त गोठवणाऱ्या प्रोटीनचे) धागे पडतात आणि पाण्याचे कप्पे होतात, सोनोग्राफीत दिसलेल्या जाळ्या त्याच. पुढे आठवडे गेले की फुप्फुसावर जाड साल चढते आणि फुप्फुस आत अडकून पडतं, मग नळीने काही होत नाही, ऑपरेशनच लागतं. तुमच्या मामांचं गाडं मधल्या टप्प्यावर आहे असं रिपोर्टवरून वाटतं. थांबलं तर काय बिघडेल याचं उत्तर हेच आहे, आज जे नळीने निघेल ते पुढच्या आठवड्यात कदाचित निघणार नाही.

सगळ्यात महत्त्वाची टेस्ट पाण्याचा पीएच. ७.२ किंवा त्याहून कमी आला की नळी टाकायची, यावर जगभर एकमत आहे. पण आपल्याकडे ही टेस्ट बऱ्याच ठिकाणी होतच नाही, किंवा होते ती कागदी पट्टीवर, तिचा उपयोग शून्य. ती रक्ताच्या एबीजी मशीनवरच (रक्तातलं आम्ल आणि ऑक्सिजन मोजणारं) करायला लागते, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) असलेल्या सिरिंजमध्ये पाणी घ्यायचं, हवेचा बुडबुडा पूर्ण बाहेर काढायचा, टोपण लावायचं आणि लगेच पळवायचं. सिरिंजमध्ये हवा राहिली तर पीएच खोटा वर जातो, भूल दिलेल्या औषधाचे थेंब मिसळले तर खोटा खाली येतो. सुईत डोळ्यांना दिसेल असा पू आला तर मात्र पीएच करायची गरजच नाही, मशीन खराब होतं आणि निर्णय तसाही झालेला असतो. पीएच होत नसेल तिथे पाण्यातली साखर बघायची, ६० च्या खाली असेल तर नळीच्या बाजूने कौल. मामांची ३२ आहे, आणि तेही रक्तात २८० असताना! एलडीएच हजाराच्या वर, कप्पे झालेले, ताप चालू. आणखी कशाची वाट बघायची?

जंतू दिसले नाहीत याचा अर्थ जंतू नाहीत असा नाही. गावात आधीच अँटिबायोटिक झालेत, आणि तसंही या आजारात कल्चर (जंतू वाढवून बघायची टेस्ट) दहातल्या चार जणांत निगेटिव्हच येतं. एक करता येईल, पुढचं पाणी काढताना थोडं रक्ताच्या कल्चर बॉटलमध्ये तिथेच बेडपाशी टाकायला सांगा, नुसत्या साध्या डबीत पाठवण्यापेक्षा जंतू सापडण्याची शक्यता वाढते. सोबत रक्ताचंही कल्चर.

आता एडीए. आपल्याकडे टीबी इतका आहे की छातीत पाणी म्हटलं की हात आपोआप टीबीकडे जातो आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण एडीए हा टीबीच्या जंतूचा पुरावा नाही. ते पेशींमधलं एन्झाइम आहे, पू झालेल्या पाण्यात ते ४० च्या वर जातं, कधी शंभराच्याही वर, काही लिम्फोमामध्येही (एक प्रकारचा कॅन्सर) जातं. म्हणून एडीए कधीही एकटं वाचायचं नाही, शेजारी पेशी कुठल्या आहेत ते बघायचं. टीबीच्या पाण्यात बहुतेक वेळा लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त असतात. मामांच्या पाण्यात ८८ टक्के पॉलिमॉर्फ आहेत. टीबीतही अगदी पहिल्या काही दिवसांत पॉलिमॉर्फ दिसू शकतात, आणि टीबीचा पूही असतो, त्यामुळे टीबी शंभर टक्के नाही असं मी म्हणणार नाही. थुंकी आणि पाणी दोन्हीचं टीबी कल्चर लावा, थुंकीचं सीबीनॅट करा. पाण्यातलं सीबीनॅट निगेटिव्ह आलं तरी त्याने टीबी नाकारता येत नाही हेही लक्षात असू द्या. पण टीबी असो नसो, हे पाणी बाहेर यायलाच हवं. टीबीच्या गोळ्यांनी न्यूमोनियाचे जंतू मरत नाहीत, आणि घरी पाठवलं तर मधुमेही माणूस सेप्सिसमध्ये (संसर्ग अंगभर भिनणं) जायला वेळ लागत नाही. मला यात सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याचीच. दरवर्षी असे पेशंट माझ्याकडे येतात, एक-दोन महिने टीबीच्या गोळ्या खाऊन, वजन घटलेलं, छातीची एक बाजू आत बसलेली. ते बघवत नाही.

अजून एक, उजवी बाजू आहे म्हणून सांगतो, सोनोग्राफीवाल्यांना यकृत नीट बघायला सांगा. यकृतातलं गळू फुटून वर उजव्या छातीत येतं, त्याचा रंग चॉकलेटी असतो आणि उपचार वेगळे असतात. मामांचं पिवळं आहे त्यामुळे शक्यता कमी, पण बघायला पाच मिनिटं लागतात.


मन्या_नाशिक:

ताई काळजी घ्या. माझ्या धाकट्या भावाला टीबीचं पाणी झालं होतं म्हणून फरक सांगतो, डॉक्टरांनी सांगितलंय ते किती बरोबर आहे ते कळेल. तो २४ वर्षांचा, त्याला थंडी वाजून ताप कधीच नव्हता, संध्याकाळचा बारीक ताप, वजन कमी, कोरडा खोकला आणि हळूहळू दम. पाणी स्वच्छ पिवळं, गवती चहासारखं, पेशींमध्ये ९० टक्के लिम्फोसाइट, साखर बऱ्यापैकी नॉर्मल, एडीए ७० च्या आसपास. म्हणजे एडीए तुमच्या मामांइतकंच पण बाकी सगळं वेगळं. त्याला नळी टाकली नाही, एकदा सुईने पाणी काढलं दम कमी व्हावा म्हणून, आणि सहा महिने गोळ्या, पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. पूर्ण बरा आहे, क्रिकेट खेळतो.

जर पुढेमागे टीबीच निघाला तर घाबरू नका, औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात आणि निक्षयमध्ये (सरकारी टीबी नोंदणी) नोंद झाली की आहारासाठी महिन्याला पैसे खात्यात येतात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. फक्त बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते बघून घ्या, भावाचे पैसे त्यावरूनच अडकले होते.


रानजाई:

डॉक्टर, मन्यादादा, खूप खूप आभार. तुमचं लिहिलेलं मी मामेभावाला फोनवर शब्द न शब्द वाचून दाखवलं. तो आता तयार आहे, मामीला समजावतोय. दोन प्रश्न राहिलेत. एक, नळी टाकताना नक्की काय करतात, खूप दुखतं का, ती बाटली किती दिवस? दुसरं, ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं की जाळ्या असल्यामुळे नळीतून सगळं येईलच असं नाही, मग नळीतून औषध सोडावं लागेल नाहीतर दुर्बिणीचं ऑपरेशन. ते औषध रक्त पातळ करणारं आहे का? मामांना हार्टसाठी एक गोळी चालू आहे, नाव विचारून सांगते.


सिस्टर_कोल्हापूर:

ताई, पहिल्या प्रश्नाचं मी सांगते, मी चेस्ट वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलंय. मामीला सांगा, नळीमुळे माणूस जात नाही. आत पू साचून राहिला की जातो, आणि नळी उशिरा टाकली की लोकांच्या डोक्यात नळीच बसते.

पेशंटला अर्धवट बसवून हात डोक्यामागे घ्यायला लावतात, काखेच्या खाली सोनोग्राफीने जागा बघून खूण करतात, कातडीपासून आवरणापर्यंत भुलीचं इंजेक्शन देतात. ते इंजेक्शन चरचरतं, त्यानंतर दाब जाणवतो, ओढल्यासारखं वाटतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी १२-१४ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) बारीक नळी तारेवरून सरकवतात, तिला फार कापावं लागत नाही, टाका एखादा. काही ठिकाणी अजून जाड नळी टाकतात, ती जास्त दुखते. दुखत असेल तर दुखतंय म्हणून सांगायचं, सहन करत पडून राहायचं नाही, कारण दुखलं की माणूस श्वास अर्धाच घेतो आणि फुप्फुस उघडत नाही. वेळेवर पेनकिलर मागून घ्या.

बाटलीचं नीट लक्षात ठेवा, नातेवाईकांनीच हे बघायचं असतं, कारण रात्री वॉर्डात एका सिस्टरकडे खूप पेशंट असतात. बाटली कायम छातीच्या खाली, जमिनीजवळ. उचलून बेडवर ठेवायची नाही, स्ट्रेचरवरून एक्सरेला नेताना पोटावर तर अजिबात नाही, आतलं पाणी उलटं छातीत जाऊ शकतं. बाटलीत सुरुवातीला जे पाणी भरलेलं असतं ते फेकून द्यायचं नाही, नळीचं टोक त्या पाण्यात बुडालेलं पाहिजे, त्यामुळे छातीतलं बाहेर येतं पण बाहेरची हवा आत जात नाही. श्वासाबरोबर नळीतली पाण्याची पातळी वरखाली हलते, ती हलतेय म्हणजे नळी चालू आहे. हलायची थांबली की सिस्टरला बोलवा, नळी पिळलेली असेल, पेशंट तिच्यावर झोपलेला असेल किंवा आत पुवाची गुठळी अडकलेली असेल. बारीक नळी अडकते लवकर, म्हणून दर सहा तासांनी २०-३० मिली सलाईनने धुवायची असते, ते होतंय का विचारत राहा, न लाजता विचारा. बुडबुडे येत असतील तर नळीला चिमटा लावायचा नाही, कुणी हौशी माणूस नेताना लावतो, तसं करू देऊ नका. बाटली पायाने आडवी झाली तर लगेच उभी करा, पेशंटला खोकायला सांगा आणि हाक मारा. नळी निसटून बाहेर आली तर त्या जागेवर जाड गॉज दाबून धरा आणि ओरडून बोलवा.

रोज सकाळी एकाच वेळेला किती आलं आणि रंग कसा ते वहीत लिहा. पहिल्यांदा एकदम खूप यायला लागलं आणि पेशंटला जोरात खोकला किंवा छातीत आवळल्यासारखं झालं तर लगेच सांगा, दीड लिटरच्या आसपास झालं की आम्ही थोडा वेळ बंद करतो, फुप्फुस एकदम फुगलं तर त्यातच पाणी भरू शकतं. नळी साधारण किती दिवस ते पेशंटवर आहे, पाणी दिवसाला शंभर-दीडशेच्या खाली आलं, ताप गेला, एक्सरे सुधारला की काढतात. आणि मामांना झोपवून ठेवू नका. तीन चेंडूंचं श्वासाच्या व्यायामाचं मशीन तासातासाला, बाटली हातात खाली धरून वॉर्डात फेऱ्या. जेवणात अंडी, डाळ, दूध, पनीर, जे जाईल ते. पुवातून प्रोटीन वाहून जातं ताई, ते भरून काढायला लागतं. शुगर आहे म्हणून लोक पेशंटला उपाशी ठेवतात, तसं करू नका, जेवू द्या आणि इन्सुलिनने शुगर धरा.


ब्रिस्टलकर:

मी मूळचा सांगलीचा, सध्या इंग्लंडमध्ये रेस्पिरेटरी रजिस्ट्रार (छातीविकाराचं प्रशिक्षण घेणारा डॉक्टर) आहे. सिस्टरनी लिहिलंय त्यात भर घालायला जागाच नाही, आमच्या ज्युनियर डॉक्टरांना वाचायला द्यावं असं आहे. मी दुसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो.

नळीतून औषध सोडून जाळ्या विरघळवायची कल्पना जुनी आहे. बरीच वर्षं स्ट्रेप्टोकायनेज वापरायचे, मग २००५ मध्ये मिस्ट-१ ही मोठी ट्रायल आली, चारशेहून जास्त पेशंट, आणि नुसत्या स्ट्रेप्टोकायनेजने ना मृत्यू कमी झाले ना ऑपरेशनं. सगळ्यांना धक्का होता. २०११ मध्ये मिस्ट-२ आली, २१० पेशंट, त्यात टीपीए आणि डीएनेज ही दोन औषधं जोडीने दिली. टीपीए फायब्रिनचे धागे तोडतं, आणि पू घट्ट करणारा जो डीएनए असतो, मेलेल्या पेशींमधला, तो डीएनेज तोडतं. एकेकटं दिलं तर उपयोग झाला नाही, जोडीने दिलं तर एक्सरे स्पष्ट सुधारला, ऑपरेशनसाठी पाठवायची वेळ १६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आली आणि हॉस्पिटलातला मुक्काम सरासरी सहा-सात दिवसांनी कमी झाला. टीपीए १० मिलिग्रॅम आणि डीएनेज ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन दिवस. आमच्या ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०२३ च्या गाइडलाइनमध्येही नळीने पुरेसं निघत नसेल तर हीच जोडी विचारात घ्या असं आहे. भारतात डीएनेज महाग पडतं आणि सगळीकडे मिळत नाही हे मला माहीत आहे, त्यामुळे तिथले डॉक्टर स्ट्रेप्टोकायनेज किंवा युरोकायनेज वापरतात, त्यांच्या हातात जे आहे त्याने ते काम करतायत. जोडी देणं शक्य नाही आणि ऑपरेशनही शक्य नाही अशा वेळी नळीतून सलाईनने धुणं हाही एक मान्य पर्याय आहे, स्वस्त आणि सुरक्षित.

ही औषधं गुठळी विरघळवणारी आहेत, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका असतो. मामांची हार्टची गोळी ॲस्पिरिन आहे, क्लोपिडोग्रेल आहे की रक्त पातळ करायची आहे हे औषध सोडायच्या आधी डॉक्टरांना कळलंच पाहिजे, पाकीट घेऊन या, नावावर विसंबू नका. स्वतःहून बंदही करू नका, स्टेंट असेल तर बंद करण्यात वेगळा धोका आहे.

एक गोष्ट नातेवाईकांना सहसा कुणी सांगत नाही. या आजारासाठी रॅपिड नावाचा स्कोअर आहे, रक्तातला युरिया, वय, पाणी पुवाळलेलं आहे का, आजार घरी लागला की हॉस्पिटलात, आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन). शून्य ते सात गुण. कमी गुणवाल्यांत तीन महिन्यांत मृत्यूचं प्रमाण दोन-तीन टक्के, ५ ते ७ गुणवाल्यांत तीस टक्क्यांच्या जवळ. गंमत वाटेल पण त्यात उघड पू असलेल्याला कमी गुण आहेत, म्हणजे धोका कमी. पू दिसला म्हणून मामीने धीर सोडायचं कारण नाही. अल्ब्युमिन कमी असणं मात्र वाईट, त्यामुळे सिस्टर जेवणाबद्दल जे सांगतायत ते उपचाराइतकंच मनावर घ्या.


मन्या_नाशिक:

एक विचारू का, नळी, औषध, दुर्बीण एवढं सगळं म्हणजे खर्च खूप होणार. महात्मा फुले योजनेत बसतं का?


डॉ_श्वासमार्ग:

योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन मामेभावाने आधी त्याच्याकडे जावं आणि कुठला उपचार कुठल्या पॅकेजमध्ये बसतो ते दाखल असतानाच विचारावं, डिस्चार्जच्या वेळी विचारून काही होत नाही. सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये नळी आणि अँटिबायोटिकचा खर्च फार नसतो, आणि खरं सांगतो, नळी टाकायचा हात तिथल्या रेसिडेंटचा चांगला बसलेला असतो.

अँटिबायोटिकबद्दल लिहायचं राहिलं. पहिले काही दिवस शिरेतून, आणि हवेशिवाय वाढणारे जंतू झाकणारं औषध त्यात हवंच. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या, दारू पिऊन झोपणं, फिट, यातून तोंडातले जंतू फुप्फुसात उतरतात, अशा पुवाला घाण वास येतो. मामांचे दात कुणीतरी बघा, बरे झाल्यावर दाताच्या डॉक्टरकडे न्या. जेंटामायसिन, अमिकासिन ही जी इंजेक्शनं गावात सर्रास देतात ती आम्लधर्मी पुवात नीट काम करत नाहीत, एकट्या त्यांच्या भरवशावर राहायचं नाही. आणि लिव्होफ्लॉक्सासिन शक्यतो टाळलेलं बरं, ते टीबीच्या जंतूवरही थोडं चालतं, ताप उतरतो, टीबी असला तर निदान झाकलं जातं. हॉस्पिटलात असताना संसर्ग झाला असेल तर जंतू हट्टी असतात आणि औषधं वेगळी, पण मामांचा आजार घरचाच दिसतो. ताप आणि सीआरपी (संसर्ग, सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) उतरले की गोळ्यांवर येतात, सगळं मिळून दोन ते सहा आठवडे. लोक घरी गेल्यावर बरं वाटलं की सोडून देतात. शुगरच्या गोळ्यांचं जे केलं ते इथे करू नका असं मामांना माझ्या नावाने सांगा.

ऑपरेशन कधी? नळी योग्य जागी आहे, चालू आहे, औषध बरोबर आहे आणि तरी साधारण पाच-सात दिवसांत ताप उतरत नाही, एक्सरे किंवा सीटीत कप्पा तसाच आहे, तेव्हा सर्जनला बोलवायचं. तब्येत बिघडत असेल तर त्याआधीच. दुर्बिणीतून जाळ्या तोडून पू धुऊन काढतात, दोन-तीन भोकांतून. फार उशीर झाला असेल तर छाती उघडून साल सोलायला लागते, ते मोठं ऑपरेशन. दुर्बिणीने होत असताना वेळ घालवून छाती उघडायची पाळी येऊ नये एवढंच. आणि मूळ शंका टीबीची असेल तर दुर्बिणीच्या वेळी आवरणाचा तुकडा तपासायला घेता येतो, त्याने टीबीचा निकाल बराच पक्का लागतो.

सिस्टरनी बाटलीतल्या पाण्याबद्दल लिहिलं म्हणून आठवलं. १९१८ मध्ये फ्लूच्या साथीत अमेरिकेच्या लष्करी छावण्यांमध्ये शेकडो जवानांना न्यूमोनियानंतर असाच पू झाला. तेव्हाची पद्धत म्हणजे निदान झालं की छाती लगेच उघडी करून पू काढायचा, आणि जवान भराभर मरत होते. लष्कराने एक एम्पायमा (छातीतला पू) कमिशन नेमलं, त्यात एव्हार्ट्स ग्रॅहम नावाचे सर्जन होते. त्यांच्या लक्षात आलं की न्यूमोनिया जोरात असताना छाती उघडी केली की बाहेरची हवा आत शिरते आणि त्याने माणूस जातो. हवा आत येऊ न देता बंद नळीने पू काढा आणि पेशंटला भरपूर खायला घाला, असं त्यांनी सांगितलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. शंभर वर्षं झाली, मूळ उपचार अजून तोच आहे.


रानजाई:

नळी टाकली. मामेभावाचा आत्ताच फोन आला, पहिल्याच तासात सातशे मिली आलं, घट्ट आणि घाण वासाचं. मामांची हार्टची गोळी क्लोपिडोग्रेल निघाली, पाकीट दाखवलंय. टीबीच्या गोळ्या सध्या थांबवल्यात, कल्चर लावलंय म्हणाले. घरी सोडल्यावर काय काय बघायचं?


डॉ_श्वासमार्ग:

वासावरून तोंडातले जंतू असण्याची शक्यता वाढली, दाताचं लिहिलंय ते विसरू नका. सीटी केला नसेल तर दोन-तीन दिवसांत नळी कुठे आहे आणि कप्पा राहिलाय का हे निदान सोनोग्राफीने तरी बघायला सांगा.

घरी गेल्यावर परत ताप, दम वाढणं, नळीच्या जागेतून पू येणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी परत न्या. एक्सरे साफ व्हायला महिने लागतात, आवरण थोडं जाड राहतं, त्याला घाबरून पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक घेऊ नका. चार ते सहा आठवड्यांनी एक्सरे आणि तपासणी नक्की. विडी ओढत असतील तर बंद. पुढे जर टीबीचा कोर्स लागलाच तर त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे शुगरच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो, तेव्हा शुगरवाल्या डॉक्टरांना आधी कळवा, आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे हेही त्याच वेळी सांगा, त्या दोघांचंही एकमेकांशी जुळवून घ्यावं लागतं.

आणि टीबी कल्चरचा अंतिम रिपोर्ट यायला सहा आठवडे लागू शकतात. तोवर तुम्ही घरी गेलेले असता आणि तो कागद लॅबमध्येच पडून राहतो, हे मी खूपदा बघितलंय. डिस्चार्जच्या दिवशी सॅम्पलचा नंबर आणि लॅबचा फोन लिहून घ्या, आणि मामेभाऊ नाही तर तुम्ही, कुणी फोन करून रिपोर्ट घ्यायचा ते आजच ठरवून ठेवा.